माळ्यावरील दाढीचा ब्रश

रत्नागिरी व तिच्या आसपासच्या खेड्यांतून जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांचे माळे म्हणजे त्या त्या कुटुंबांचे दप्तरखानेच होत. तेथे कागदपत्रांपेक्षा वस्तूच अधिक बोलक्या असतात. कान तुटलेली पितळी कळशी, काच गेलेला कंदील, मुंबईहून आगबोटीने आलेली पत्र्याची ट्रंक, आणि त्या ट्रंकेच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आजोबा-पणजोबांच्या काळचा दाढीचा ब्रश. मूठ धातूची, पण मूळचा रंग कोणता हे कळू नये इतकी काळवंडलेली. केस निम्मे झडलेले आणि उरलेले वाळून काड्यांसारखे झालेले. अशी वस्तू हाती आली म्हणजे घरातील वडीलधारी माणसे ती मोडीत घालावयास सांगतात आणि तरुण मंडळी ती घासूनपुसून वापरात आणावयास उत्सुक होतात. साबणाचा फेस करून जुन्या पद्धतीने दाढी करण्याची आवड अलीकडे पुष्कळांत पुन्हा दिसू लागल्यामुळे हा दुसरा पक्ष बळावत चालला आहे. तथ्य दोन्ही पक्षांत आहे. या ब्रशाचा एक भाग खरोखरच टाकून देण्याजोगा आहे आणि दुसरा खरोखरच जपण्याजोगा. परंतु कोणता भाग टाकावा आणि कां टाकावा, हे त्या वस्तूचा इतिहास पाहिल्यावाचून कळत नाही. आणि तो इतिहास केवळ सौंदर्यप्रसाधनांचा नाही.

दाढीचा ब्रश ही आपल्याकडची मूळची वस्तू नव्हे. गावच्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा असे, नखे काढण्याची नराणी असे, कातर, कंगवा, आरसा, धार लावण्याची शिळा, चामड्याचा तुकडा आणि पाण्याची लहानशी वाटी असे. ब्रश नसे आणि साबणही नसे. संत सेना न्हावी यांच्या नावावर असलेल्या अभंगांतून या व्यवसायातील उपकरणांवर रूपके केलेली आढळतात, त्यांतही फेसाला जागा नाही. पाणी लावून गाल व हनुवटी बोटांनी चोळावयाची, केस पुरेसे मऊ झाले की वस्तरा चालवावयाचा, अशी ती रीत. आज ज्याला साबण आणि ब्रश लागतात ते काम तेव्हा न्हाव्याची बोटे करीत. त्या बोटांना किती सराव लागत असेल, याची कल्पना कोरड्या दाढीवर एकदा पाते फिरवून पाहणाऱ्यास तत्काळ येईल!

ही श्मश्रू घरात होत नसे. कोकणातील घराच्या खळ्यात किंवा पडवीच्या कडेला पाट टाकला जाई, न्हावी समोर उकिडवा बसे, आणि काम उरकले की यजमान परस्पर विहिरीवर जाऊन स्नान करी. त्यावाचून घरात पाऊल टाकावयाचे नाही. वार, तिथी आणि ग्रहणे पाहून क्षौराचे दिवस ठरत. न्हावी हा बलुतेदार. त्याचे वेतन प्रत्येक दाढीमागे नव्हे, तर हंगामाला धान्याच्या रूपाने पोचत असे. अशा व्यवस्थेत हजामत ही पैसे टाकून घ्यावयाची सेवा नव्हती. ती गावाशी असलेल्या नात्याची खूण होती. न्हावी ज्याच्या दारी येतो तो गावात आहे, आणि ज्याच्या दारी यावयाचा थांबला तो गावाबाहेर पडला, इतका साधा हिशेब होता.

याच कारणामुळे बहिष्काराचे हत्यार उगारताना न्हावी, धोबी आणि भटजी बंद करणे ही नेहमीची वहिवाट असे. रत्नागिरी जिल्ह्याला बहिष्काराचा अनुभव थोडाथोडका नाही. दापोलीनजीकच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुण्यात एका विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी सभा भरवून त्यांच्याशी संबंध न ठेवण्याचा निर्णय केला आणि त्याची झळ त्यांच्या गावातील आप्तांना सोसावी लागली. पुढे महर्षी म्हणून आणि भारतरत्न म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्यांचा आरंभ स्वतःच्या गावात असा झाला. त्याच सुमारास वस्तऱ्याचे दुसरे टोकही समाजाला दिसले. विधवांचे केशवपन ज्यांच्या हातून करविले जात असे, त्या न्हाव्यांनीच १८९० साली मुंबईत सभा भरवून हे काम यापुढे करावयाचे नाही असा निश्चय केला. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. ज्या समाजाला कोणी मत विचारीत नसे, त्याने आपल्या हत्याराला आपले मत जोडले, ही त्या सभेची थोरवी आहे. सुधारकांच्या चरित्रांतून तिला मिळते त्यापेक्षा अधिक जागा मिळावयास हवी होती.

परंतु बहिष्कार हा ज्यांच्यावर एखाद्या प्रसंगी पडतो त्यांची गोष्ट वेगळी आणि ज्यांच्यावर तो जन्मापासून पडलेला असतो त्यांची वेगळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे हे याच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी पलटणीतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले आणि नंतर हे कुटुंब साताऱ्यास गेले. बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेल्या आणि त्यांच्या पश्चात १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत साताऱ्याच्या दिवसांचा एक तपशील आला आहे. अस्पृश्याची हजामत करावयास कोणी न्हावी तयार नसे, म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीनेच घरातील मुलांचे केस कापण्याचे आणि हजामत करण्याचे काम शिकून घेतले होते व त्यात ती चांगली तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, आणि त्यांस द्यावयास या घरी पैसे नव्हते असेही नाही, हे त्यांनी मुद्दाम नमूद केले आहे. घरच्या घरी दाढी ही पुढे मुंबईच्या सुशिक्षित गृहस्थांना जी नव्या जमान्याची सोय वाटली, ती या घरात पूर्वीच होती. मात्र ती सोय म्हणून आलेली नव्हती. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत, सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करू नये या कलमावर चर्चा चालू असता दुकान या शब्दात न्हाव्याचे दुकान येते काय, असा प्रश्न निघाला. दुकान हा शब्द केवळ आत जाऊ देण्याच्या मर्यादित अर्थाने योजिलेला नसून, मोबदला कबूल असल्यास तेथील सेवा मिळण्याच्या व्यापक अर्थाने योजिलेला आहे, असे उत्तर देण्यास जे गृहस्थ उभे राहिले ते त्याच बहिणीचे धाकटे भाऊ होते.

आता ब्रश या चित्रात केव्हा येतो ते पाहावे. युरोपात साबणाचा फेस करून दाढी करण्याची चाल अठराव्या शतकापासूनच रूढ झालेली होती. लंडनची केंट ही ब्रश करणारी पेढी १७७७ सालची. परंतु उघडा वस्तरा स्वतःच्या गळ्यावर फिरविणे हे सर्वांच्या धीराचे काम नव्हे, त्यामुळे तेथेही पुष्कळ लोक न्हाव्यावरच अवलंबून राहत. ही अडचण अमेरिकेतील किंग कँप जिलेट याने दूर केली. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याच्या कंपनीचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ साली त्याला एकस्व मिळाले आणि त्या एका वर्षात रेझरांचा खप ९० हजारांच्या वर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी लाखो रेझर खरेदी केले आणि लढाईवरून परतलेला शिपाई रोज स्वतःच्या हाताने दाढी करण्याची सवय घेऊन घरी आला. जेथे रेझर गेला तेथे ब्रश गेला, कारण बोटांनी दाढी मऊ करण्याची न्हाव्याची विद्या रेझराच्या पेटीत मिळत नव्हती.

कोकणात ही जोडी दोन वाटांनी आली असावी असे मानावयास आधार आहे. एक वाट पलटणीची. रत्नागिरी जिल्हा हा सैनिकभरतीचा जुना प्रदेश. येथील मराठे व महार पहिल्या महायुद्धात मेसापोटेमियापर्यंत जाऊन आले. ब्रिटिश लष्कराच्या सामानावर शिपायाचा क्रमांक ठोकण्याची रीत होती. तेव्हा मुठीवर नुसतेच आकडे आढळल्यास ते दुकानदाराचे असतील असे समजून घासून काढू नयेत. दुसरी वाट मुंबईच्या चाकरमान्यांची. गिरणीत, गोदीत, कचेरीत आणि छापखान्यात नोकरीस गेलेला कोकणी माणूस चाळीतील एका खोलीत दहाजणांबरोबर राही. कचेरीत रोज गुळगुळीत दाढीने जावे लागे आणि वरिष्ठांस वार-तिथीचे सोयरसुतक नसे. पंचांग आणि हजेरीपट यांच्या या झगड्यात ब्रश आणि रेझर हजेरीपटाच्या बाजूने लढले. शिमग्याला अथवा गणपतीला तो भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने रत्नागिरीस येई तेव्हा ही आयुधे त्याच्या ट्रंकेत असत. पडवीत बसून, खुंटीला टांगलेल्या आरशात पाहून, तो वाटीत फेस काढी आणि गावची पोरे भोवती गोळा होत. न्हाव्याच्या दृष्टीने हे दृश्य सुखाचे नव्हते, हे सांगावयास नको. त्याचे बलुते या फेसात विरघळू लागले होते. तथापि त्याच काळात रत्नागिरीसारख्या शहरांतून केशकर्तनालये निघाली, आणि तेथे त्याने तोच ब्रश स्वतः हाती घेतला. एवढेच की आता तो उकिडवा बसत नव्हता. गिऱ्हाईक खुर्चीत आणि तो ताठ उभा.

एका ब्रशाने बहिष्कार मोडला असा दावा कोणी केल्यास तो अतिशयोक्तीचा ठरेल. बहिष्कार मोडण्यास माणसेच लागली. पण ज्याच्या घरी स्वतःची दाढी स्वतः करण्याचे साहित्य आहे, त्याला न्हावी बंद करण्याची धमकी पूर्वीसारखी बोचत नाही, एवढे तरी निःसंशय खरे आहे.

मूठ धातूची कां, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. उंची ब्रशांच्या मुठी हस्तिदंताच्या, शिंगाच्या, हाडाच्या किंवा लाकडाच्या असत. शिंग व लाकूड पाण्याने आणि उष्णतेने तडकतात. प्रवासी माणसासाठी म्हणून पितळेच्या पोकळ नळीची मूठ निघाली. काम झाले की केसांचा भाग काढून उलटा करावयाचा आणि त्याच नळीत बसवावयाचा, म्हणजे सामानात केस चेंगरत नाहीत. पितळेवर निकेलचा मुलामा दिलेला असे. पुढे ॲल्युमिनियम स्वस्त झाले. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांस ठाऊक नसता, विजेच्या साहाय्याने ते वेगळे करण्याची एकच रीत शोधून काढली. त्यापूर्वी ही धातू दागिन्यांच्या तोलाची मानली जाई. आपल्या देशात १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत ॲल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास आरंभ केला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील पुष्कळ ब्रशांच्या मुठी याच धातूच्या आहेत. वजनाला हलकी, पांढुरकी, आणि कडेला कधीमधी रंगीत पट्टा ओढलेली, अशी ती मूठ सहज ओळखू येते.

मुठीची कथा अशी साधी, केसांची मात्र तशी नाही. सर्वांत उंची केस बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याचे. ते पाणी धरून ठेवतात आणि टोकाशी मऊ असतात. त्याखालोखाल डुकराचे राठ केस. या केसांचा व्यापार रशिया आणि चीन येथून चाले आणि आपल्याकडे कानपूर हे त्याचे मोठे केंद्र होते. सोवळे पाळणाऱ्या ब्राह्मणाला आणि रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानाला एकाच वस्तूने एकाच वेळी अडचणीत टाकावे, असे प्रसंग इतिहासात क्वचितच येतात. डुकराच्या केसांचा ब्रश हा त्यांपैकी एक! साबणातील चरबीबद्दलही तोच संशय असे. अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वनस्पतिजन्य तेलांचा साबण काढला तेव्हा त्या संशयाचे निरसन झाले. ब्रशाच्या बाबतीत मात्र बहुतेकांनी चौकशी न करणे हाच मार्ग पत्करला असावा.

पहिले महायुद्ध सुरू होताच केसांच्या व्यापाराच्या नेहमीच्या वाटा बंद झाल्या. बॅजरचे केस दुर्मिळ झाले आणि त्यांच्या जागी पूर्वेकडून आलेले घोड्याचे केस वापरून, त्यांना बॅजरसारखा रंग देऊन, स्वस्त ब्रश बाजारात आले. पूर्वी केस कारखान्यात जाण्याआधी निर्जंतुक करीत. घाईच्या दिवसांत त्या कामात हयगय झाली. परिणाम असा झाला की इंग्लंडात आणि अमेरिकेत दाढी करणाऱ्यांच्या गालावर, हनुवटीवर व मानेवर काळ्या खपलीच्या गाठी येऊ लागल्या. तो अँथ्रॅक्स होता. गुरांचा आणि कातडी कमावणाऱ्यांचा म्हणून ओळखला जाणारा, आपल्याकडे ज्याला काळपुळी म्हणतात तो रोग. दाढी करताना पडलेल्या बारीकशा ओरखड्यातून रोगबीज शरीरात शिरे. सैनिक आणि नागरिक मिळून अशा रोग्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि त्यांतील कित्येक दगावले. पेनिसिलिन त्या काळी अद्याप हाती आलेले नव्हते. चौकशीअंती माग ब्रशांपर्यंत पोचला, आणि १९२० साली ब्रिटनने जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीस बंदी केली.

हे सारे शंभर वर्षांपूर्वीचे आहे म्हणून सोडून द्यावे, तर या रोगाचे बीजाणू कोरड्या स्थितीत दशकानुदशके जिवंत राहू शकतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मासिकात २०१७ साली या प्रकरणाचा पुन्हा आढावा घेण्यात आला, तो जुने ब्रश वापरण्याची हौस वाढू लागली म्हणूनच. धोका फार मोठा आहे असे नव्हे. उलट तो अत्यल्प आहे. परंतु कोणत्या ब्रशाचे केस घोड्याचे आणि कोणत्याचे बॅजरचे हे रंग दिलेल्या केसांत नवशिक्यास ओळखता येत नाही, आणि ब्रश उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडविल्याने बीजाणू मरतात असे धरून चालता येत नाही. तेव्हा ज्याच्या इतिहासाची खात्री नाही अशा ब्रशाचे केस ठेवण्याचा मोह धरूच नये. मूठ ठेवावी, केस काढावेत. ब्रशाच्या जीर्णोद्धाराचा पहिला आणि मुख्य नियम हाच.

हे काम प्रथमच हाती घेणाऱ्याने आधी केस साबणाच्या पाण्याने पूर्ण ओले करावे, म्हणजे धूळ उडणार नाही. हातमोजे घालून व नाकातोंडावर फडके बांधून, केस कातरीने मुळाशी कापावे आणि ओले असतानाच पिशवीत बांधून टाकावे. ते झटकू नयेत, कोरडे घासू नयेत. राहिलेले खुंट मुठीच्या तोंडाशी राळेत, डांबरात, सिमेंटात किंवा तापवून कडक केलेल्या रबरात बसविलेले असतात. राळ गरम पाण्याने मऊ होते; रबर व सिमेंट होत नाही, ते मधोमध बारीक भोक पाडून हळूहळू कोरून काढावे लागते. येथे नवशिक्याच्या हातून दोन प्रमाद हमखास घडतात. पोकळ मुठीचा पत्रा पातळ असल्यामुळे ती शेगड्यात आवळली की चेपते; म्हणून ती जाड कापडात गुंडाळून हातानेच धरावी. आणि जी मूठ दोन्ही बाजूंनी बंद आहे ती जाळावर कदापि धरू नये. आत हवा किंवा वर्षानुवर्षे मुरलेले पाणी कोंडलेले असते, ते तापले म्हणजे मूठ फुटते.

पुढचे काम धातू ओळखण्याचे. कोकणातील स्वयंपाकघरात पितळ उजळण्यास लागणारे सर्व साहित्य असतेच. चिंच, आमसुलाचा कोळ, मीठ, चुलीतील राख आणि नारळाची शेंडी. परंतु जे पितळेला मानवते ते सर्व धातूंना मानवत नाही. मूठ उघड्या पितळेची असेल तर आमसूल किंवा चिंच यांसारखे दुसरे औषध नाही. त्यातील आम्ल हिरवट-काळा थर विरघळविते. थोडा वेळ चोळावे, लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि पुसून कोरडे करावे. आम्ल व मीठ खाचांत राहिले तर दोन दिवसांत मूठ पुन्हा हिरवी पडते. निकेलचा मुलामा असेल तर राख व शेंडी दूर ठेवावी. हा थर कागदाहूनही पातळ असतो. जोरात घासले की खालचे पिवळे पितळ डोकावू लागते आणि गेलेला मुलामा घरी परत आणता येत नाही. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके यांनी जेवढे निघेल तेवढ्यावर समाधान मानावे. ॲल्युमिनियमची गोष्ट तर उलटीच. आम्लाने त्याचे फारसे बिघडत नाही, पण धुण्याचा सोडा आणि चुलीतील राख ही दोन्ही क्षारधर्मी असून ती या धातूला प्रत्यक्ष खातात. पितळेची कळशी लख्ख करणारी आजीची राख ॲल्युमिनियमच्या मुठीला मात्र काळवंडून टाकते. रंगाचा पट्टा असेल तर तो खरवडू नये, जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो.

कित्येकांना अशी मूठ कल्हईवाल्याकडे द्यावी असे सुचते. पातेल्याला चकाकी येते तर मुठीला कां येऊ नये, असा तो सरळ विचार. पण कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळते, आणि मुठीचे सांधे ज्या डाखाने जोडलेले असतात तो शिसे व कथील यांचा डाख १८३ अंशांपासूनच पातळ होऊ लागतो. कल्हई बसण्याआधी मूठच सुटी व्हावयाची!

चकचकीतपणा किती आणावा, याविषयी मतभेद आहेत. दुकानातून आजच आणल्यासारखी मूठ दिसावी असा काहींचा हट्ट असतो. तो अनाठायी आहे. अंगठा व तर्जनी ज्या जागी रोज टेकत होती तेथे मुलामा गेलेला असतो. तळाशी कुठे खिळ्याने कोरलेले आद्याक्षर, कुठे ठोकलेला क्रमांक असतो. मळ आणि हिरवा थर काढावा, कारण तो धातू खातो. झीज ठेवावी, ती खात नाही.

नवीन केस बसविताना आता जुन्या अडचणी राहिलेल्या नाहीत. १९३८ साली नायलॉनचे तंतू प्रथम दात घासण्याच्या ब्रशात आले आणि तेव्हापासून प्राण्याच्या केसांस पर्याय निर्माण झाला. हल्ली दाढीसाठी जे कृत्रिम तंतू मिळतात ते टोकाला निमुळते व मऊ असून लवकर वाळतात; त्यांना ना सोवळ्याची बाधा, ना धर्माची, ना काळपुळीची. अशा तंतूंची तयार जुडी मिळते. मुठीच्या तोंडाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तिच्याहून किंचित लहान जुडी घ्यावी. बहुधा ती २० ते २४ मिलिमीटरांची लागते. बूच कापून त्याची चकती भोकाच्या तळाशी बसविली म्हणजे जुडी किती खोल जावी हे ठरविता येते. केस मुठीबाहेर सुमारे ५० मिलिमीटर राहिले म्हणजे फेसाला पुरेसे होतात. त्याहून फार लांब राहिले तर ब्रश लुळा पडतो, फार आखूड राहिले तर टोचतो. आधी काहीही न लावता जुडी बसवून पाहावी आणि ती सरळ आहे याची खात्री झाली म्हणजेच दोन भाग मिसळून करावयाचा इपॉक्सी गोंद घालावा. मुठीच्या काठाशी कोठेही फट राहता कामा नये. तेथून पाणी पोकळीत शिरले तर पितळ आतून कुजते आणि ते बाहेरून दिसत नाही. गोंद सुकण्यास पूर्ण एक दिवस द्यावा.

वापरास लागलेल्या ब्रशाची निगा रत्नागिरीत थोडी अधिकच घ्यावी लागते. समुद्राची खारी हवा आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस यांच्यापुढे कोणतीही धातू निर्धास्त राहू शकत नाही. दाढी झाली की केसांतील साबण साध्या पाण्याने पूर्ण धुवावा, ब्रश दोन-चार वेळा झटकावा, मूठ कोरड्या फडक्याने पुसावी आणि ब्रश केस खाली करून टांगावा, म्हणजे पाणी मुठीत न उतरता टोकांवाटे निथळते. ओला ब्रश डब्यात बंद करू नये, त्याला बुरशी येते. आषाढ-श्रावणात न्हाणीघरात काहीच वाळत नाही. तेवढे दोन महिने तो स्वयंपाकघराच्या उबेला, चुलीपासून हातभर दूर, खुंटीवर टांगलेला बरा.